सोफ्याखाली गेलेला पहिला प्रवेश

तिघांच्या सोफ्याची लांबी किती असते, हे मला आता तोंडपाठ आहे. साडेसहा फूट. हाताच्या गाद्या फुगीर असतील तर पावणेसात. हे ज्ञान फर्निचरच्या दुकानात मिळालं नाही, संगीत नाटकाचा पहिला प्रवेश बसवताना मिळालं. मंडपवाल्याकडून भाड्यानं येणारे, लाल मखमलीचे, आयुष्यात एकदाही न धुतलेले हे सोफे म्हणजे आमच्या हौशी रंगभूमीचे आजचे खरे सूत्रधार आहेत, असं माझं ठाम मत झालंय. ते मांडून झाले की जी जागा उरते ती नाटकाची.

गेली वीस-बावीस वर्षं मी माळशिरसच्या आसपास शाळा-कॉलेजांच्या गॅदरिंगची नाटकं बसवतो. पैसे मिळत नाहीत, शाल मिळते. घरात सतरा शाली आहेत आणि आमच्याकडं थंडी पडते तीन आठवडे. गेल्या हिवाळ्यात एका कॉलेजानं बोलावलं. नाव सांगत नाही. तुम्ही तुमच्या कॉलेजाचं घालून वाचा, बहुतेक जुळेल. पोरांनी स्वतः रचलेलं नाटक होतं, गाण्यांचं, पाऊण तासाचं. विषय टँकर. तालुक्याची नाडी बरोबर सापडलेली पोरं ती. अकलूज-माळीनगरकडं नीरेच्या कालव्यावर ऊस डोलतो, आणि माण-सांगोल्याच्या अंगाला असलेल्या गावांत उन्हाळा लागला की भांडी नंबराला लागतात. एकाच तालुक्यात दोन मुलुख. नाटकाला आणखी काय पाहिजे?

पहिला प्रवेश आम्ही असा ठरवला. पडदा नाही. लोक मैदानात येऊन बसू लागतील तेव्हापासूनच स्टेजच्या पुढच्या कडेला सतरा-अठरा रिकामी भांडी ओळीनं मांडलेली. घागरी, कळश्या, एखादा हंडा, तेलाचा डबा, कुणाची कान तुटलेली बादली. एका जागी भांड्याऐवजी नुसता दगड, कारण नंबर धरायला दगडही चालतो. माणूस एकही नाही. ज्याच्या गावाला टँकर येतो त्याला काही सांगावं लागणार नाही. ज्याच्या येत नाही तो शेजाऱ्याला विचारेल, ‘हे काय मांडलंय रं?’ आणि शेजारी त्याला सांगेल. मग मैदानाच्या पार मागच्या फाटकातून हलगी. एकटी. लोकांच्या माना वळतात न वळतात तोच कुणीतरी ओरडतं, टँकर आला! अकरा पोरी प्रेक्षकांच्या मधल्या वाटेनं पळत सुटतात, हलगी त्यांच्या मागं. स्टेजवर चढून ज्या त्या पोरीनं आपलं भांडं धरायचं. एकीची घागर कुणीतरी मागं सरकवलेली आहे. तिथं पहिलं भांडण, आणि त्या भांडणाचेच शब्द उचलून पहिलं गाणं. घागरींच्या काठावर बोटांचा ठेका, मागं झील. दीड मिनिटात अख्खं मैदान टँकरच्या रांगेत उभं.

याला साहित्य किती लागतं? भांडी, पोरी, एक हलगी, आणि प्रेक्षकांच्या मधून सहा फूट रुंदीची मोकळी वाट. पहिल्या तीन गोष्टी मिळाल्या.

ही वाट माझ्या डोक्यातून निघालेली नाही. आषाढात माऊलींची पालखी नातेपुत्याहून माळशिरसच्या मुक्कामाला येते तेव्हा वाटेत सदाशिवनगरजवळ, पुरंदवड्याला, गोल रिंगण होतं. मी लहानपणी वडिलांच्या खांद्यावरून ते पाहिलं आणि अजून पाहतोय. मध्ये पालखी, भोवती दिंड्या, आणि माणसांच्या दोन कड्यांच्या मधोमध एक गोल मोकळी पट्टी. आधी पताकावाले पळतात, डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया पळतात, पखवाजवाले, विणेकरी पळतात, आणि मग घोडे येतात. एक स्वाराचा आणि एक माऊलींचा, ज्याच्या पाठीवर कुणी बसत नाही. सगळी जादू आहे ती त्या मोकळ्या पट्टीत. माणूस माणसाच्या पायावर पाय देऊन उभा असतो, श्वास घ्यायला जागा नसते, पण पट्टीत कुणी पाऊल टाकत नाही, कारण इथून काहीतरी यायचंय हे सगळ्यांना ठाऊक असतं. नुसती जागा मोकळी ठेवली की वाट बघणं आपोआप सुरू होतं. घोडा येतो तो नंतर. चोपदाराचा दंड वर गेला की एवढा मोठा समाज एका क्षणात गप्प होतो. ना माइक, ना ‘शांतता राखा’ची शंभर वेळा विनंती. पहिला प्रवेश कसा बांधावा याचा धडा आमच्या वेशीवर दरवर्षी फुकट गिरवून दाखवला जातो. पुढं वेळापूरला भारूडही होतं, म्हणजे नाट्य आणि संगीत दोन्ही आले. आणि आम्ही नाटक शिकायला यूट्यूब बघतो.

विशेष म्हणजे कॉलेजाच्या नियोजन समितीतले निम्मे सभासद रिंगणाला दरवर्षी हजर असतात. घोड्यासाठी जागा सोडणारी हीच माणसं अकरा पोरींसाठी सोडेनात.

बैठकीत पहिला आक्षेप आला तो भांड्यांवर. ‘सर, सुरुवात मंगलमय पाहिजे. रिकामी घागर अपशकुनी.’ मी म्हटलं, ज्या घरात ती रोज रिकामी असते त्यांनी काय करावं? यावर कुणी बोललं नाही, पण बैठकीच्या वहीत ‘गणेशवंदना घ्यावी’ एवढं लिहिलं गेलं. वंदना म्हणजे काय तर सिनेमातलं गाणं लावायचं, पंधरा पोरींनी ताटं घेऊन गोल फिरायचं, आणि धुराच्या यंत्रानं गणपतीला ठसका लावायचा.

गणाला माझा विरोध असता तर मी संगीत नाटकाच्या वाटेला गेलोच नसतो. गण ही तमाशानं शेकडो रात्री उघड्यावर खेळून कमावलेली गोष्ट आहे. ढोलकी आणि तुणतुणं एकमेकांना ओळखून घेतात, शाहिराचा गळा तापतो, झीलकरी जागेवर येतात, आणि समोरचा गोंगाट हळूहळू खाली बसतो. मग गौळण, बतावणी, आणि प्रेक्षक पुरता ताब्यात आल्यावर वग. भरतानं नाट्यशास्त्रात पूर्वरंगाची एकोणीस अंगं सांगितली आहेत, त्यातली पहिली नऊ पडद्याच्या आडची. वाद्यं मांडणं, गाणाऱ्यांनी बसून घेणं, सूर लावून पाहणं, असली साधी कामं. आणि त्याच ठिकाणी बजावलंय की हे गाणं-नाचणं फार लांबवू नका, करणारे दमतात, बघणारे कंटाळतात आणि मग पुढच्या नाटकात रस राहत नाही. भरतमुनींनी आमचं गॅदरिंग पाहिलेलं नव्हतं, तरी त्यांना सगळं माहीत होतं.

शिवाय गणात कुणाला वंदन करायचं हेही आपल्याकडं कधी दगडावर कोरलेलं नव्हतं. सत्यशोधकांच्या जलशांनी जुन्या तमाशाची ही चौकट आपल्या विचारासाठी वाकवली. अण्णाभाऊ साठ्यांनी लोकनाट्य लिहिताना गणातून गणपती बाजूला ठेवला आणि मायभूमीला, हुतात्म्यांना वंदन केलं. त्यांच्याबरोबर लालबावटा कलापथकात आवाज लावणारे अमर शेख आमच्याच जिल्ह्यातल्या बार्शीचे. म्हणजे खेळ सुरू होण्याआधी आपण कोण आणि कुणाच्या बाजूचे हे सांगून टाकायची जागा म्हणजे गण. आमची रिकामी भांड्यांची ओळ हा आमचा गण होता. हे समितीला समजावून सांगितलं. समितीनं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘मग गणेशवंदनेला किती मिनिटं धरू?’

आता ट्रॅकचं बघू. हा खरा रोग.

सांगलीला विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ केलं, तेव्हा गाणं सूत्रधाराकडं असे. तो आणि त्याचे साथीदार पदं म्हणत, पात्रं त्यानुसार हावभाव करीत आणि आपलं भाषण बोलत. पुढं अण्णासाहेब किर्लोस्करांनी पारशी कंपनीचं ‘इंद्रसभा’ पाहिलं आणि ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात आनंदोद्भव नाटकगृहात ‘शाकुंतल’चे पहिले चार अंक लावले. क्रांती काय होती? दुष्यंताचं गाणं दुष्यंतानं गायचं, शकुंतलेचं शकुंतलेनं. बोलता बोलता माणूस गाऊ लागतो आणि गाता गाता पुन्हा बोलू लागतो, एवढीच. त्या एवढ्याशा गोष्टीवर आपलं सगळं संगीत नाटक उभं राहिलं. आणि आज आमच्या गॅदरिंगला गातो कोण? पेन ड्राइव्ह. पोरं नुसते ओठ हलवतात. म्हणजे आम्ही १८८० सोडून मागं चालत निघालो ते १८४३लाही थांबलो नाही. भाव्यांचा सूत्रधार निदान जिवंत माणूस होता, खोकला आला तर थांबत तरी होता.

‘पण सर, पोरी बेसूर झाल्या तर?’ होतील. अठरा वर्षांची पोरगी मैदान ओलांडून पळत आली आणि लगेच गायला लागली तर तिला धाप लागणारच. टँकरच्या रांगेत यमन आळवत कोण उभं राहतं? ती धाप आम्ही तालमीत मोजली होती. पहिल्या ओळीला श्वास कमी पडतो म्हणून ती ओळ तोडून तिघींत वाटली. पहिलीनं उचलायची, दुसरीनं पुढं न्यायची, तिसरीनं टाकायची. त्यातून जे ऐकू आलं ते भांडणच वाटत होतं आणि गाणंही. हे मला सुचलं नव्हतं, पोरींना सुचलं. ट्रॅकवर असलं काही सापडत नाही, कारण ट्रॅकला धाप लागत नाही.

हलगीवर तर बैठकीत मिनिटभर कुणी बोललंच नाही. मग एक जण हळूच म्हणाले, ‘ते मयतीचं वाद्य आहे हो.’ तेच गृहस्थ मुलाच्या लग्नाच्या वरातीत हलगीपुढं नाचलेले मी पाहिले आहेत. जत्रेला हलगी, कुस्तीच्या फडाला हलगी, निवडणुकीच्या मिरवणुकीला हलगी, फक्त कॉलेजाच्या स्टेजवर ती मयतीची. माझ्याकडं वाजवणारा पोरगा होता तो बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाचा. हात असा की नुसती काडी बदलून तो मैदान उठवील किंवा बसवील. तो सुरुवातीला मला म्हणाला, ‘सर, ढोलकी वाजवतो की. हलगी नको.’ मी विचारलं का. बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, ‘पोरं नंतर त्याच नावानं हाका मारत्यात.’ ढोलकी वाजवली की कला कळते, हलगी वाजवली की जात कळते, हे त्याला एकोणिसाव्या वर्षी पुरतं ठाऊक होतं. हे त्याला शिकवलं कुणी? आपणच, वरातीत त्याच्या बापापुढं नाचून आणि नोटा दातात धरून त्याला वाकायला लावून.

ज्या तालुक्यात अकलूजला राज्यभरातल्या लावणीच्या पार्ट्या स्पर्धेला येत आल्या, त्या तालुक्यातलं हे चित्र. गॅदरिंगला सिनेमातली लावणी चालते, आठवीतल्या पोरीला भाड्याची नऊवारी नेसवून चालते, तिच्यावर शिट्ट्या पडलेल्याही चालतात. पण जिवंत ढोलकी, मावशी आणि पेंद्या घेऊन एखाद्यानं गौळण करायची म्हटली की ‘पालक काय म्हणतील’ सुरू होतं. पालक काहीही म्हणत नाहीत. पालकांना मावशी पाठ असते.

मग पुण्याहून बोलावलेला कोरिओग्राफर आला. तरुण होता, कष्टाळू होता, माझा त्याच्यावर राग नाही. त्याच्या मोबाइलमध्ये सगळं होतं. तो म्हणाला, मागं एलईडी भिंत घेऊ, ड्रोननं काढलेला टँकर दाखवू, धुरळ्याचे शॉट टाकू, मग पोरी स्लो मोशनमध्ये येतील. मी म्हटलं, टँकर दाखवलास तर पोरी बघणार कोण? वीस फुटी भिंतीवरच्या टँकरपुढं पाच फुटी पोरगी डासाएवढी दिसते. तो म्हणाला, ‘सर, ओपनिंगला एनर्जी पाहिजे. ब्रॉडवेला बघा.’

बघू की ब्रॉडवेला. ३१ मार्च १९४३ला न्यू यॉर्कमध्ये ‘ओक्लाहोमा!’ उघडलं. त्या काळी तिथं रिवाज होता की पडदा वर गेला की पोरींचा ताफा नाचत यायचा. इथं पडदा वर गेला तर स्टेजवर एकटी म्हातारी लोणी घुसळत बसलेली. आणि विंगेतून एका गड्याचा आवाज, साथीला वाद्य नाही, नुसता गळा. तो गात गात आत येतो. बस. अमेरिकेतल्या संगीत नाटकाचं वळण जिथून बदललं असं म्हणतात तो पहिला प्रवेश म्हणजे ताक घुसळणारी बाई आणि गाणारा गडी. खुडूस किंवा पिलीव, कुठल्याही गावात सकाळी सहाला हा प्रवेश तिकिटाशिवाय बघायला मिळत होता. त्यांनी तो ब्रॉडवेवर नेला, आम्ही तो एलईडीसाठी घालवला.

लांब कशाला जायचं? १६ डिसेंबर १९७२ला पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात ‘घाशीराम कोतवाल’ झालं. दिग्दर्शक जब्बार पटेल, जन्म पंढरपूरचा, शाळा सोलापूरची, पेशानं डॉक्टर. आमच्याकडं एखादा पोरगा डॉक्टर झाला की पहिलं काम नाटक सोडायचं करतो. भास्कर चंदावरकरांचं संगीत, कृष्णदेव मुळगुंदांचं नृत्य. आणि नेपथ्य म्हणाल तर माणसं. पागोटी घातलेले ब्राह्मण ओळीनं उभे, गणपतीला आळवत डुलताहेत. तीच ओळ पाठ फिरवते आणि भिंत होते, मागचं झाकते, पुन्हा वळते आणि पुणं होते. नाटककार तेंडुलकरांनी कोकणातल्या ‘खेळे’ या लोकप्रकारातून ही माणसांची भिंत उचलली. ना रंगवलेला पडदा, ना फिरता रंगमंच. त्या भिंतीचं भाडं किती, हे समितीला विचारायचं राहून गेलं.

याचा अर्थ असा नाही की सगळा दोष मंडपवाल्यांचा आणि यंत्रांचा. दुसऱ्या टोकाला शुद्धतावाले बसलेत. त्यातले एक काका तालीम बघायला आले. डोळे मिटून पाच मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, ‘हे संगीत नाटक नव्हे. यात पद कुठंय? राग कुठला?’ त्यांच्या लेखी संगीत नाटक म्हणजे ऑर्गन, धुपाचा वास, पितांबर आणि वन्समोअर. मी त्यांना विचारलं, तुमच्या त्या सुवर्णकाळात माळशिरसला किती प्रयोग झाले? ते म्हणाले, त्यासाठी सोलापूरला जावं लागायचं. मग बरोबर आहे. जे आमच्या मैदानात कधी आलं नाही त्याच्या नियमानं आमच्या मैदानातलं नाटक मोजायचं. किर्लोस्करांनी त्यांच्या काळात कानावर पडणाऱ्या साऱ्या चाली घेतल्या, लावणीच्या, कीर्तनाच्या, कर्नाटकी, जे सापडलं ते. आमच्या कानावर हलगी पडते.

आणि मीही धुतल्या तांदळासारखा नाही. शिवराज्याभिषेकाच्या एका प्रवेशात मी एवढा धूर सोडला होता की महाराज दिसेनात, नुसता प्रधानमंडळाचा खोकला ऐकू आला. टँकरच्या नाटकातही पहिल्या आराखड्यात माझ्या स्टेजवर एकतीस पोरं होती, कारण प्रत्येक पोरामागं दोन पालक प्रेक्षक म्हणून येतात, हे गणित मलाही येतं. तालमीत ती एकतीस जणं रांगेऐवजी आठवडी बाजार दिसायला लागली, तेव्हा मी वीस कमी केली. वीस घरांनी माझ्याशी बोलणं सोडलं. त्यातली दोन घरं आमच्याच आळीतली आहेत.

घागरींचंही तसंच. पोरींनी घरून आणल्या त्या सगळ्या प्लॅस्टिकच्या, हिरव्या-निळ्या. खरं तर आज रांगेत त्याच असतात. पण प्लॅस्टिक वाजत नाही, भद्द करतं. मग स्टीलच्या शोधल्या. त्या वाजतात पण सगळ्या एकाच सुरात टणटणतात. एकीच्या आजीची तांब्याची घागर मिळाली, पोचे पडलेली. तिचा आवाज खालचा, घुमणारा. ती मध्ये ठेवली, दोन्ही बाजूंना स्टील, आणि प्लॅस्टिकची दोन कडेला, कारण त्या भद्द आवाजालाही ठेक्यात जागा सापडली. चार दिवस गेले यात. पहिल्या प्रवेशाचं नियोजन म्हणजे हे. समितीच्या कागदावर ‘नियोजन’ या शब्दाखाली बॅज, बुके आणि पार्किंग होतं.

आता त्या संध्याकाळचं सांगतो.

मंडपवाल्याला मी दुपारीच चुन्यानं मधली वाट आखून दिली होती. सहा फूट. दोन्ही बाजूंना सतरंज्या, मागं खुर्च्या, पुढं वाटेच्या अलीकडं-पलीकडं दोन-दोन सोफे. तो बिचारा हो म्हणाला. पाचच्या सुमाराला कळलं की पाहुणे वाढलेत. एका पाहुण्याबरोबर दुसरे येणार, आणि दुसरे आले तर तिसऱ्यांना वगळता येणार नाही. सहाला मी कपडेपटातून बाहेर येऊन बघतो तर मधल्या वाटेवर आडवा सोफा, त्याच्यापुढं टीपॉय, टीपॉयवर काजूच्या बश्या आणि पाण्याच्या बाटल्या. मी धावत गेलो. कार्यक्रमप्रमुख म्हणाले, ‘सर, पोरी बाजूनं येतील की. काय फरक पडतो?’

‘काय फरक पडतो’ हे आमच्या सांस्कृतिक धोरणाचं ब्रीदवाक्य म्हणून कमानीवर लिहायला हरकत नाही.

सातचा कार्यक्रम साडेसातला सुरू झाला. दीपप्रज्वलनाची समई ठेवायला स्टेजवर जागा पाहिजे म्हणून आमची भांडी उचलून विंगेत ढीग घातला गेला. दगड कुणीतरी मैदानाबाहेर फेकून दिला. मग प्रतिमापूजन, स्वागतगीत (ट्रॅकवर), प्रास्ताविक, परिचय आणि सत्कार. मी मोजले. तेवीस. प्रत्येकाला शाल, श्रीफळ, रोपटं, आणि फोटोसाठी चार वेळा तीच शाल. मनोगतं वेगळी. एका पाहुण्यांनी संस्कृती टिकवली पाहिजे यावर बावीस मिनिटं भाषण केलं आणि ती टिकवायला आलेली पोरं तोवर फाटकाबाहेर थंडीत उभी. हलगीवाला पोरगा दर दहा मिनिटांनी काटक्या पेटवून हलगी शेकत होता, कारण गारठ्यानं कातडं उतरतं. सगळं आटोपायला एक तास बारा मिनिटं लागली. पुढच्या सतरंजीवरची लहान पोरं आडवी झाली होती.

घाईघाईनं भांडी पुन्हा मांडली. मांडताना कळलं की तांब्याची घागर जड लागतेय. पाहुण्यांच्या पिण्याच्या पाण्याची सोय म्हणून कुणीतरी ती काठोकाठ भरून ठेवली होती. टँकरच्या नाटकातली मधली घागर. ओतायला वेळ नव्हता.

हलगी वाजली. आणि खरं सांगतो, आठ-दहा सेकंद ते सगळं झालं जे व्हायला पाहिजे होतं. आठशे माना मागं वळल्या, आडवी झालेली पोरं उठून बसली, मोबाइल खाली गेले. पोरी सुटल्या. अर्ध्या मैदानापर्यंत वाट होती तिथपर्यंत त्या वाऱ्यासारख्या आल्या, आणि मग समोर सोफा. ठरल्याप्रमाणं म्हणजे, ऐन वेळी बदलून ठरल्याप्रमाणं, दहा जणी डावीकडं वळल्या आणि पाण्याच्या टाकीला वळसा घालून निघाल्या. डावीकडच्यांना पाठी दिसल्या, उजवीकडच्यांना काहीच दिसलं नाही. दीड मिनिटाचा प्रवेश चार मिनिटं सांडत राहिला.

अकरावी वळलीच नाही. जिची घागर मागं सरकवलेली असते, पहिलं भांडण जिचं, ती. ती सरळ दोन सोफ्यांच्या फटीत घुसली, पाहुण्यांच्या गुडघ्यांना घासून, टीपॉयवरचे काजू उधळत. एक पाहुणे दचकून म्हणाले, ‘अगं ए, ए, इकडून कुठं?’ ती मागं न बघता ओरडली, ‘नंबर माझा हाय!’ तिचं पहिलं वाक्य तेच होतं. फक्त ते तिनं स्टेजवर म्हणायचं होतं. मागच्या खुर्च्यांतून जो हशा आणि टाळी आली ती मी बावीस वर्षांत ऐकलेली नाही. त्या अख्ख्या प्रवेशात एवढी एकच एंट्री ठरवलेल्या वाटेनं झाली.

मधली घागर वाजली नाही. पोरीनं ठेका धरायला बोटं मारली तर आतून पाणी हिंदकळून साडीवर आलं. तिनं तेच धरून पुढचं निभावलं, ओल्या हातानं.

दुसऱ्या दिवशी आढावा बैठक झाली. वहीत नोंद आहे, मी स्वतः वाचली. ‘नाटक चांगले झाले, परंतु सुरुवात लांबली. पुढील वर्षी सुरुवातीचा भाग कमी करावा.’ त्याखाली, ‘संबंधित विद्यार्थिनीकडून लेखी माफी घ्यावी.’ ती माझ्याकडं कागद घेऊन आली, काय लिहू विचारायला. मी म्हटलं, काय झालं ते लिही. तिनं चार ओळी लिहिल्या, माझ्यासमोरच. मला जाण्यासाठी ठरवून दिलेल्या वाटेवर सोफा होता, तरी मी त्याच वाटेने गेले, काजू सांडल्याबद्दल क्षमस्व. कार्यालयानं तो कागद आवक-जावक नोंदवून फायलीला लावला. हलगीवाल्याचं नाव बक्षिसांच्या यादीत नव्हतं, कारण यादीत वाद्यवादनाचा रकाना तबला, हार्मोनियम आणि ‘इतर’ असा होता आणि ‘इतर’ कुणी भरलाच नव्हता.

यंदा पुन्हा बोलावणं आलंय. परवा टेप घेऊन मैदानावर गेलो होतो. मंडपवाला भेटला. वाट आखायची आहे म्हटल्यावर तो हसला आणि म्हणाला, ‘आखा की सर. पण औंदा सगळा नवा माल आणलाय बरं का. सात फुटी.’